उतरणीवरची उंच सीट

"थांब! अरे थांब! ब्रेक दाब!" झिलू बोंबलला.

पुंडलिकाने ब्रेक दाबला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं हवेत गेलं, आणि बेळगावचा हा बहाद्दर हँडलवरून उडून थेट करवंदीच्या जाळीत पडला!

"हायस का गेलास?" झिलूने जाळीत डोकावून विचारलं.

"आहे!" आतून रडवेला आवाज आला.

"मग येताना चार करवंदं घेऊन ये!"

रुक्मा मात्र हसली नाही. तिने रस्त्यात आडवी पडलेली सायकल उभी केली आणि सीटकडे बोट दाखवलं. "एवढी उंच सीट ठेवून कुनी उतारावर येतं व्हय? उतरनीला सीट खाली घ्यायची असती. एवढं बी ठावं न्हाई तुला?"

पुंडलिक काटे उपटत बाहेर आला. कुंभारवाड्याच्या शाळेतल्या मास्तरांचा तो पुतण्या. मे महिन्याच्या सुट्टीत काकांकडे आला तो वडिलांनी घेऊन दिलेली नवी कोरी सायकल घेऊनच. जाड टायरची, गिअरची! अख्ख्या वाडीत अशी सायकल कुणी पाहिली नव्हती. रुक्मा आणि तिचा चुलतभाऊ झिलू पहिल्याच दिवशी त्याचे दोस्त झाले. दोस्ती पुंडलिकाशी जास्त की सायकलशी, हे विचारू नये.

"सीट खाली कशी घेणार?" तो कुरकुरला. "नट ढिला करायला पाना लागतो. तो राहिला घरी! दुकानात खटक्याची दांडी पण होती. खटका उघडला की हाताने सीट खाली-वर करता येते. आणि एका मासिकात तर स्प्रिंगवाली पाहिली. बसल्या बसल्या खाली-वर होते! कुठली घ्यावी तेच ठरेना, म्हणून शेवटी साधी नटाची घेतली."

"माझ्या बाबाची त्या सगळ्यांहून भारी हुती," रुक्मा बोलून गेली.

माघात उळवीची जत्रा झाल्यापासून 'बाबा' हा शब्द तिच्या तोंडातून मोठ्याने निघालाच नव्हता. झिलू एकदम मान खाली घालून करवंदीची पानं खुडत बसला.

पुंडलिकाला सगळं माहीत नव्हतं. झिलूनेच मग हळू आवाजात सांगितलं. रुक्माचा बाबा लखू खिंडीपलीकडे गुंद गावाला जंगलकामाला जायचा. रोज सायकलवरून घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तो परत येताना मधल्या वळणावर पडला आणि गेला. बस, एवढंच. पण एवढ्यावर गाव थांबलं नव्हतं.

खिंडीत माथ्यावर एक देव आहे. देव म्हणजे नुसता शेंदूर लावलेला धोंडा. तिथं सगळा कातळ, झाड म्हणून नाही. येणारा-जाणारा चढताना वाटेत हिरवी डहाळी तोडून घेतो, ती देवापुढे ठेवतो आणि मगच उतरायला लागतो. जीप असो नाहीतर बैलगाडी, पान दिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्या दिवशी मात्र देवापुढे लखूचं पान नव्हतं! तो डहाळी हाताने न तोडता कोयत्याने तिरपी कापायचा, म्हणून त्याचं पान लगेच ओळखू यायचं. गुंदहून त्याच्यामागून चालत आलेल्या बायकांनी ते पाहिलं होतं. देवापुढे त्याचं पान नाही आणि खाली वळणावर लखू.

"देवाला चुकला, म्हनून पडला," गावाने ठरवून टाकलं. कुणी त्यात "ढोसून आला असंल," अशी भर घातली. लखू कधी थेंबाला शिवला नव्हता, पण मेलेला माणूस उठून थोडाच नाही म्हणतो? शिमग्यात ढोल आधी लखूच्या अंगणात यायचे, तो त्या घराचा जुना मान. या वर्षी रुक्माच्या आईने, सावित्रीने, अंगण सारवून ठेवलं होतं. ढोल आले आणि अंगणाला वळसा घालून पुढे निघून गेले. दुःखाचं घर म्हणून नव्हे. देवाला चुकलेलं घर म्हणून! गावकार, म्हणजे गावचा मुख्य, नारायणअज्जाने तसं उघडच सांगितलं होतं.

त्या दिवशी सावित्री रडली नाही. नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती. फक्त एकदा चुलीपुढे बसून ती म्हणाली होती, "देवाला इसरला, आनि आमाला बी इसरला." रुक्माला ते वाक्य झोपेतसुद्धा ऐकू यायचं. बाबा गेल्याचं दुःख होतंच, पण आई बाबावर रागावून बसली आहे हे तिला त्याहून सोसवत नव्हतं.

पुंडलिक चाचरत म्हणाला, "ती... बाबांची सीट मला दाखवशील?"

गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली सायकल उभी होती. पुढचं चाक वाकडंतिकडं झालेलं. त्या दिवशी गड्यांनी ती खांद्यावरून आणून इथे ठेवली, सावित्रीने वर गोणपाट टाकलं, आणि तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. रुक्माने डोळे मिटून गोणपाट ओढलं. धुरळा उडाला आणि तिघंही खोकायला लागली.

"ही बघ," रुक्मा सांगू लागली. "नांगराची खुंटी या भोकातनं त्या भोकात घातली की नांगर खोल जातो नाहीतर उथळ. ते बघून बाबाला सुचलं. रामनगरला जाऊन सीटच्या दांडीला त्यानं दोन भोकं पाडून घेतली. ही लोखंडी खुंटी काढायची, सीट दाबायची, खुंटी परत घालायची. खालचं भोक चढनीचं, म्हंजे सीट वर. वरचं भोक उतरनीचं, म्हंजे सीट खाली, दोनी पाय भुईला टेकनार. खिंडीत पान द्यायचं, सीट खाली घ्यायची, मग उतरायचं. मला पुढं बसवून न्यायचा तवा ती खुंटी मीच..."

ती अर्ध्यावर थांबली.

"काय झालं?" झिलूने विचारलं.

"सीट वर हाय!"

"मग?"

"मग काय? अरे शेनगोळ्या, बाबा घाट उतरत हुता ना? उतरताना सीट वर कशी?"

पुंडलिकाने शंका काढली. शंका काढण्यात तो पटाईत होता. "सायकल आणताना कुणी वर केली असेल तर?"

"मोडकी सायकल खांद्यावर घेतलेला मानूस सीट कशाला वर करंल? आनि हे बघ!" खुंटीपासून सीटपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. इथे आणल्यापासून तरी त्या खुंटीला कुणी शिवलं नव्हतं, हे उघडच होतं.

"घाईत विसरला असेल."

"माझा बाबा जेवायला इसरंल, पन सीट खाली घ्यायला इसरायचा न्हाई!" रुक्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला पुढं बसवायचा ना तो."

एवढ्यात झिलूला आणखी काहीतरी दिसलं. मागच्या कॅरिअरच्या चापात एक वाळलेली डहाळी अडकली होती. "पडताना झुडपात अडकली असंल," म्हणत तो उपटायला गेला, तसा पुंडलिक ओरडला, "हात लावू नकोस!"

तिघांनी खाली बसून नीट पाहिलं. डहाळी अडकलेली नव्हती, चाप उचलून व्यवस्थित लावलेली होती. देठ तुटलेला नव्हता, कोयत्याने तिरपा कापलेला होता. पानं जाड, चामड्यासारखी, आणि फांदीला चिकटून बारीक वाळक्या कळ्या.

"सुरंगी!" झिलू आणि रुक्मा एकदमच म्हणाली.

त्या सबंध घाटात सुरंगीचं झाड एकच होतं. आणि ते होतं या अंगाला, बाबा पडला त्या वळणाच्याही खाली, झऱ्याकाठी!

आता रुक्माला सगळं दिसत होतं. बाबा खिंडीत आला. कुठल्यातरी विचारात पान न देताच सीट खाली घेऊन उतरू लागला. झऱ्यापाशी पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ दे, उद्या देऊ. लखूने मात्र तिथेच डहाळी कापली, सायकल वळवली, खुंटी काढून सीट वर घेतली, आणि तो पुन्हा घाट चढायला लागला.

"तो उतरत नव्हता," पुंडलिक हळूच म्हणाला. "चढत होता."

"आनि चढनारा मानूस एवढ्या जोरात कसा पडंल?" झिलूने विचारलं.

वरून येणाऱ्या कशाने तरी धडक दिली तरच, हे तिघांनाही सुचलं, आणि तिघांनाही ते बोलावंसं वाटलं नाही.

रुक्मा धावत गावकाराकडे गेली. नारायणअज्जा पडवीत सुपारी कातरत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, बापाची माया हाय तुला, ती असनारच. पन सीटवरनं कुठं मानसाचं कळतंय? जा, खेळ जा." आणि तो परत सुपारी कातरू लागला. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं, मायेने बोलले की त्यांना ऐकून घ्यावं लागत नाही!

दुसऱ्या दिवशी तिघं वळणावर गेली. पुंडलिक गुडघ्यावर बसून दगड तपासत होता. इतक्या महिन्यांनी तिथे काय मिळणार? रुक्मा रस्त्याकडेला उभी राहून त्या जागेकडे नुसती बघत होती. बाबा गेल्यानंतर ती इथे पहिल्यांदाच आली होती. आई तर गुंदला जायचं झालं तरी जंगलातून लांबची वाट धरायची.

"सरका! सरका बाजूला!" झिलू किंचाळला.

वळणावरून एक जीप अंगावर येत होती! पुंडलिकाने कशीबशी झऱ्याकडे उडी मारली. चाकं कचकन थांबली आणि ड्रायव्हर येसाजीने बाहेर डोकं काढलं. "मरायचं हाय का रं? रस्त्यात काय..." तेवढ्यात त्याला रुक्मा दिसली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने लगेच ब्रेक सोडला, आणि जीप तशीच पुढे घरंगळत गेली. इंजिनाचा आवाज आला तो पार खाली, सपाटीला लागल्यावर.

"आवाजच नाही आला!" पुंडलिक कपडे झाडत म्हणाला. "मी रस्त्यातच बसलो होतो, तरी नाही आला!"

"येनार कुठनं?" झिलू म्हणाला. "येसाजीमामा खिंडीत इंजिन बंद करतो आनि तसाच उतरतो. डिझेल वाचतं म्हनं. आमी बसतो की बाजाराच्या दिवशी! कसं गार गार वाटतं."

हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं. घाटात बस क्वचितच, त्यामुळे लाकडाच्या कंत्राटदाराची ही जीप म्हणजेच सगळ्यांची गाडी. येसाजी तसा भला माणूस. म्हाताऱ्यांना पुढे बसवायचा, पोरांना गोळ्या द्यायचा.

"बाबा पडल्याचं गावात पहिल्यांदा कुणी सांगितलं?" पुंडलिकाने विचारलं.

रुक्माने खाली गेलेल्या रस्त्याकडे पाहिलं. "त्यानंच," ती म्हणाली. "घरोघर जाऊन सांगितलं. लखू उतरताना घसरला म्हनून."

त्या रात्री ती जेवली नाही. येसाजीमामाने दिलेल्या गोळ्या तिनेही खाल्ल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी नारायणअज्जा येसाजीच्या जीपमधून गुंदला जायचा, हे ठरलेलं. परतीच्या वेळी अज्जा जीपमध्ये असायलाच हवा, म्हणून झिलू त्याच्याबरोबर गेला. "अज्जा, तुमची पिशवी मी धरतो!" असं म्हणत त्याने इतकी सेवा केली की अज्जाला जरा संशयच आला! इकडे पुंडलिक आणि रुक्माने मोडकी सायकल दोघांत उचलून वळणावर नेली. रस्त्याच्या कडेला, दुरूनही दिसेल अशी आडवी मांडली. सीट तशीच वर, डहाळी तशीच चापात. एकच गोष्ट रुक्माने मुद्दाम चुकीची केली. सायकलचं तोंड तिने उताराकडे ठेवलं.

जीप आली, बिनआवाजाची. सायकल दिसताच येसाजीने करकचून ब्रेक दाबला. तो खाली उतरला. मागोमाग नारायणअज्जा आणि बाजारची माणसंही उतरली.

"ही... ही हितं कुनी ठेवली?"

"मी," रुक्मा म्हणाली. "ह्या पुंडलिकाला दाखवायचं हुतं, बाबा कसा पडला ते. येसाजीमामा, तुमीच पयल्यांदा बघितलंत न्हवं? मग सांगा, सायकल अशीच पडलेली का?"

येसाजी सायकलकडे बघत राहिला. आपण कुठे आहोत, भोवती कोण आहे, याचं त्याला भान उरलं नव्हतं. तो पुढे झाला, त्याने ती वाकडी सायकल उचलली आणि तिचं तोंड चढाकडे वळवलं. "अशी न्हवती गं," तो पुटपुटला. "अशी. तो वर येत हुता, खाली मान घालून. म्या वळलो आनि..."

सायकल त्याच्या हातातून सुटली.

मग नारायणअज्जाचा आवाज आला. "येसाजी, लखू पडल्यावर तू बघितलास म्हनलास ना? मग तो वर येत हुता, हे तुला कसं कळलं रं?"

येसाजी रस्त्यातच खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अज्जाने मग सायकल स्वतः पाहिली. सीट पाहिली, खुंटी पाहिली. चापातली डहाळी त्याने हळूच चाचपली, मान वळवून झऱ्याकाठच्या सुरंगीकडे बघितलं, आणि डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"देवाला चुकला न्हवता तो," अज्जा सगळ्यांसमोर म्हणाला. "चुकलो ते आमी. ह्या पोरीनं मला सांगितलं तवा मी सुपारी कातरत बसलो. रुक्मे, म्हाताऱ्याला माफ कर. पोरांनो, तुमच्याएवढी नजर आमाला असती तर ह्या घराला एवढं सोसावं लागलं नसतं. इंजिन बंद करून उतरनाऱ्या गाडीत मी बी बसलो की, इतकी वर्सं!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं. मास्तरांनी पुंडलिकाची पाठ थोपटली. झिलूला तर लोकांनी इतकं उचलून धरलं की सीटचा शोध आपणच लावला असं त्याला वाटू लागलं! बायकांनी रुक्माच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. रुक्मा सगळ्यांमध्ये उभी होती आणि तिला आनंद होत नव्हता. कोडं सुटलं की काहीतरी बदलेल, असं तिला कुठेतरी वाटलं होतं. बदललं काहीच नव्हतं. बाबा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी येसाजीला पोलीस ठाण्यात न्यायचं ठरलं. तो नाही म्हणाला नाही. "त्याच्या आधी एक काम कर," सावित्रीने निरोप धाडला. "ज्या ज्या घरी जाऊन खोटं सांगितलंस, त्या त्या घरी जाऊन खरं सांग."

कुंभारवाड्यातली घरं काही एका आळीत नाहीत. चार घरं या शेताकडेला, दोन त्या जंगलात. येसाजी पायी निघाला. बरोबर नारायणअज्जा, आणि मागे रुक्मा, झिलू आणि पुंडलिक. प्रत्येक दारात तो उभा राहायचा आणि म्हणायचा, "लखू उतरत न्हवता, वर चढत हुता. देवाचं पान द्यायला निघाला हुता. माझं इंजिन बंद हुतं, त्याला आवाज आला न्हाई. म्या खोटं बोललो." रुक्मा प्रत्येक दारात ते ऐकत होती. पहिल्या दारात तिला त्याचा राग आला, मधल्या कुठल्यातरी दारात राग दमून गेला, आणि शेवटी शेवटी तिला नुसतं बाबाचं नाव तेवढं ऐकू येत राहिलं.

सगळ्यांत शेवटी ते रुक्माच्याच घरी आले. सावित्री उंबऱ्यावर बसली होती. येसाजीने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"पान घेतलेलं?" तिने विचारलं.

"व्हय वैनी. म्या बघितलं."

"तू उतरलास तवा जीव हुता?"

येसाजीने मान हलवली. "हुता. पानी मागितलं त्यानं. पानी आनतो म्हनून म्या निघालो, आनि भ्यालो. परत गेलोच न्हाई वैनी."

नारायणअज्जाने तोंड फिरवलं. रुक्माला वाटलं, आई आता उठेल, ओरडेल, दगड मारेल. मारावाच, असं तिला वाटत होतं.

सावित्रीने येसाजीकडे पाहिलं. वाडीभर उन्हात हिंडून त्याचे ओठ सुकले होते.

"रुक्मे," ती म्हणाली, "त्याला पानी दे."

"आये!"

"दे म्हनते ना. दारात आलेल्याला पानी देतात आपन."

रुक्मा आत गेली. तांब्या भरताना निम्मं पाणी बाहेरच सांडलं. तिने तांब्या येसाजीच्या हातात दिला. त्याने तो तोंडाजवळ नेला, पण त्याच्याने घोट घेववेना. तांब्या धरून तो हुंदके देत राहिला.

आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, सावित्री रडली. एकदम हंबरडाच फुटला. "इसरला न्हवता गं तो! देवाला इसरला न्हवता! आनि मी बाई रागानं जळत बसले, एवढे दीस!"

झिलू डोळे पुसत पुंडलिकामागे लपला. नारायणअज्जाने येसाजीच्या खांद्याला धरून त्याला हळूच अंगणाबाहेर नेलं. रुक्मा आईला घट्ट बिलगली. बाबा गेल्यापासून घरात दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसत होत्या. आज दोघी एकाच उंबऱ्यावर बसून त्याच्यासाठी पोटभर रडल्या.